एका खुराड्याची बखर

किल्ल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. देवळांचा, घाटवाटांचा, नाण्यांचा आणि ताम्रपटांचाही लिहिला आहे. मी स्वतः चाळीस वर्षे मुंबईच्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि तहांची कलमे व लढायांचे सन सांगण्यात घसा कोरडा केला. पण ज्या इतिहासाच्या अज्ञानाची किंमत मला खरोखर मोजावी लागली, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तो होता आमच्या परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा. दिवाळीचा फराळ पुढ्यात ठेवून वाचकांनी खुराड्याविषयी वाचावे ही अपेक्षा जरा धाडसाचीच आहे, हे मी जाणतो. तरी चकलीचा तुकडा मोडता मोडता थोडे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

आमचे गाव दापोली तालुक्यातले. वर्षाकाठी तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आमच्याकडे पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. त्या दिवसांत मिठाला पाणी सुटते, आगपेटीची काडी पेटत नाही, धोतराची घडी दोरीवर तीन दिवस तशीच ओली लोंबते आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. माणसांची ही गत, तर कोंबड्यांची काय असेल? बदकाच्या पिसावरून पाणी ओघळून जाते. कोंबडीचे तसे नाही. ती भिजली की चिंब भिजते आणि मान आखडून एका पायावर उभी राहते.

१९६०च्या सुमारास आमच्या आजीकडे पंधरा-वीस कोंबड्या असत. त्यांचे खुराडे घराच्या पूर्वेच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होते. खाली जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर, त्यावर मातीची जमीन, शेणाने सारवलेली. जमिनीवर भाताचे तूस पसरलेले आणि त्यात रोज सकाळी चुलीतली राख मिसळलेली. आत दोन आडव्या दांड्या. त्यांवर कोंबड्या रात्री ओळीने बसत. भिंत छपरापर्यंत नेलेलीच नव्हती. वर वीतभर जागा मोकळी सोडून तिला बांबूच्या कांबट्यांची जाळी लावली होती. पिलांची कोंबडी तेवढी निराळी, डालग्याखाली झाकलेली असे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्या डोळ्यांसमोर असलेच एखादे डालगे असणार.

आजीच्या पदराच्या गाठीत अंड्यांचे पैसे असत. भाताचे पैसे आजोबांचे, आंब्याचे पैसे सावकाराचे. अंड्यांचे मात्र तिचे स्वतःचे. माझ्या शालान्त परीक्षेची फी त्या गाठीतून सुटली, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. खुराड्याकडे मात्र मी कधी लक्ष देऊन पाहिले नाही. त्या घरात ते जिथे होते तिथेच का होते, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे मला तेव्हा वाटले नाही.

कोंबडी मुळात झाडावर राहणारी. आजच्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, असे डार्विनने १८६८ साली आपल्या ग्रंथात मांडले आणि पुढच्या संशोधनाने ते मुख्यतः खरे ठरले. हा पक्षी दिवसा जंगलात जमीन उकरतो आणि रात्री फांदीवर झोपतो. फांदीखालून वारा वाहतो, विष्ठा खाली दूर पडते, वर पानांचे छप्पर असते. म्हणजे निसर्गाने दिलेल्या पहिल्या खुराड्याला छप्पर होते, पण भिंती नव्हत्या. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

हा पक्षी झाडावरून आपल्या अंगणात उतरला कसा? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८९ देशांतील सहाशेहून अधिक स्थळांवर सापडलेल्या कोंबड्यांच्या हाडांची फेरतपासणी झाली. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी निःसंशय हाडे थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी मिळतात आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा आहे, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. माणसाने भात आणि बाजरीसारखी बारीक धान्ये पेरली, साठवली, आणि सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबडे खाली उतरले, असे ते म्हणतात. आपल्या सह्याद्रीचाही यात थोडा वाटा आहे. गावठी कोंबडीचे पाय पिवळे असतात ना? हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून दक्षिण व पश्चिम भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. पहाटे आमच्या डोंगरातून जो अडखळत आरवतो, तोच हा.

कोंबडी भाताच्या मागे आली खरी. पण आमच्या कोकणात भात पिकते ते गुडघाभर पाण्यात. भाताला पाणी हवे आणि कोंबडीला कोरडे हवे. एकाच अंगणात दोघांना नांदवायचे, हा भातखाऊ मुलखातल्या प्रत्येक गृहिणीचा जुना पेच आहे. आणि तो सोडवायचा कसा, हे पिढ्यान्‌पिढ्या हातांनी शिकवले गेले, तोंडाने फारसे नाही.

ज्याने हे लिहून ठेवले असा एक जुना माणूस मात्र आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन ग्रंथकार होऊन गेला. जन्माने तो स्पेनमधल्या गादेस, म्हणजे आजच्या कादिझ शहराचा. त्याच्या शेतीविषयक ग्रंथाचे बारा भाग आहेत आणि आठव्या भागात कोंबड्यांचा विचार आहे. खुराडे हिवाळ्यातल्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून असावे, ते भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे तिथला धूर पक्ष्यांपर्यंत पोहोचेल आणि तो त्यांना हितकर असतो, असे तो सांगतो. छपराखाली भिंतीच्या कडेला कोरडी धूळ आणि राख ठेवावी, कोंबड्या तीत लोळून अंग साफ करतात, असेही सांगतो. बसायला दांड्या असाव्यात, कारण पाय विष्ठेत राहिले की दुखणी जडतात, हाही त्याचाच इशारा.

मी हे उतारवयात वाचले तेव्हा क्षणभर थांबलो. पूर्वेचे तोंड, स्वयंपाकघराची भिंत, राख, दांड्या! ही तर आमच्या आजीची पडवी. आजीने कोलुमेला वाचला नव्हता. तिला अक्षरओळखही नव्हती. आमच्याकडे पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून खुराड्याची उघडी बाजू पूर्वेला. चुलीच्या उबेने भिंत पावसाळ्यातही कोरडी राहते, म्हणून जागा तिथे. दोन हजार वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर असलेली दोन माणसे एकाच पक्ष्याकडे नीट पाहत राहिली आणि एकाच ठिकाणी येऊन पोहोचली. इतिहासात याहून मोठे आश्चर्य मला शिकवायला मिळाले नव्हते.

आता छपराची कथा. पूर्वी आमच्याकडे गरिबाचे घर गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेले असे. बऱ्या घरावर नळीची कौले. दोन्ही छपरे गळत. पण दोन्ही श्वासही घेत. चुलीचा धूर आणि माणसा-जनावरांच्या अंगची वाफ त्यांच्या फटींतून निघून जाई. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगळुरी कौले किनाऱ्याने सगळीकडे गेली. गळती कमी झाली, फटी थोड्या बुजल्या. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट तर त्याच्याही आधी, १८२९ साली, लंडनच्या गोदीतले इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी घेतले होते; आमच्या गावात तो पत्रा पोहोचायला फार काळ लागला. पत्रा गळत नाही, पण त्याला घाम येतो. रात्री तो गार पडला की आतली वाफ त्याच्या खालच्या अंगाला थेंबाथेंबाने धरते आणि खाली टपकते. शेवटी आले प्लास्टिक. त्यातून ना पाऊस आत येतो, ना वाफ बाहेर जाते. दर पिढीत पाऊस थोपवण्याची आपली विद्या वाढत गेली आणि ओल बाहेर घालवण्याची विद्या आपण विसरत गेलो. एवढे एक वाक्य मला वेळेवर सुचले असते, तर पुढचा प्रसंग घडता ना.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. आमच्या दापोलीला त्याने काय केले ते कोकणात कोणाला सांगायला नको. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले पानांसारखी उडाली. सेवानिवृत्त होऊन मी गावी आलो होतो. माझे घर बचावले, पण आजीची पडवी गेली. शेजारच्या वहिनींच्या घरावर तर आंबा पडला. त्यांचे यजमान मुंबईला, टाळेबंदीत हाताला काम नाही. घरात चालता पैसा म्हणजे कोंबड्या. दोन कोंबड्या नुकत्याच पिले घेऊन निघाल्या होत्या, बावीस पिले. त्या मला म्हणाल्या, “भावजी, घर उभं राहीपर्यंत एवढी सांभाळा.”

मी जबाबदारीने कामाला लागलो. अंगणात जमिनीबरोबर सिमेंटचा कोबा घातला, चार खांब रोवले, मिळाला तो पत्रा वर टाकला आणि निळे प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट बांधले. पावसाचा एक थेंब आत येत नव्हता. वादळानंतर आलेल्या मृगाच्या सरी त्या प्लास्टिकवर ताडताड वाजत आणि मी ओटीवर बसून समाधानाने ऐकत असे. पाण्याचे भांडेही आतच ठेवले होते, बिचाऱ्यांना बाहेर यायला नको म्हणून!

आषाढ लागला. एक दिवस दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला. दोन पिले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी विष्ठेत रक्त दिसले. आठवड्याभरात बावीसपैकी चौदा पिले गेली.

पशुवैद्य तोंडाला फडके बांधून आले, पाहिले आणि म्हणाले, “रक्ती हगवण.” पाण्यातून औषध सुरू झाले, आतले सगळे तूस काढून लांब टाकले. राहिलेली आठ पिले वाचली. मग ओटीवर बसून त्यांनी मला जे सांगितले, तोही एक इतिहासच. या रोगाचा कोंबडीच्या आतड्यातला सूक्ष्म परजीवी फ्रान्समध्ये राइये आणि ल्यूसे या दोघांनी १८९१ साली वर्णिला. त्याच्या निरनिराळ्या जाती आणि त्यांचे जीवनचक्र हार्वर्डच्या अर्नेस्ट टायझर यांनी १९२९ साली तपशिलाने मांडले. त्याची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, आणि मग पिलू दाणा टिपताना ती पोटात जातात. थोडी बीजे प्रत्येक अंगणात असतातच. थोडीथोडी पोटात गेली तर पिले प्रतिकारशक्ती कमावतात. गादी ओली झाली की मात्र ती अगणित होतात. कोरडेपणा हेच त्यांच्यावरचे जुने औषध.

“पण ओल आली कुठून? एक थेंब आत नव्हता!” मी म्हणालो. त्यांनी मला हिशोब करायला लावला. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. दहा कोंबड्या म्हणजे दोन-अडीच लिटर. त्यातले थोडे अंड्यात जाते. बाकीचे विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असते. ते साचून कुजले की तो डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. त्यात सांडलेले भांडे, खालून ओल ओढणारा कोबा आणि वरून घाम गाळणारा पत्रा. म्हणजे पाऊस मी बाहेर ठेवला होता आणि पावसाळा आत कोंडला होता.

वहिनींना तोंड कसे दाखवावे हे मला कळेना. पिलांचे पैसे घेऊन गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. खुराड्याशी येऊन त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “भावजी, कोंबडी पावसानं मरत नाही, कोंदटानं मरते. आधी ते निळं सोडा.” शाळेत मी म्हणींवर निबंध लिहून घेत असे. कोंबडे झाकल्याने उजाडायचे थांबत नाही हे खरे. पण फार घट्ट झाकले तर उजाडलेले पाहायला कोंबडे उरत नाही, हा त्या म्हणीचा दुसरा अर्धा भाग मला त्या दिवशी समजला.

मग वहिनींच्या देखरेखीखाली खुराडे नव्याने बांधले. जांभ्याचे दोन थर देऊन जोते उंच केले. भोवती चर खणला, म्हणजे पागोळ्यांचे पाणी उताराने निघून जाईल. पत्रा काढून वादळातून वाचलेली मंगळुरी कौले चढवली आणि वळचण चांगली अडीच फूट पुढे ओढली. पश्चिमेला आणि दक्षिणेला नारळाच्या झापांचा कूड, पूर्वेला नुसती जाळी. छपराखाली वीतभर फट चारी बाजूंनी मोकळी, कारण कोंबड्यांच्या अंगची ऊबदार, दमट हवा वर चढते आणि तिथूनच तिला वाट हवी. पाण्याचे भांडे बाहेर वळचणीखाली गेले. कोपऱ्यात राखेचा खोका आला.

जमिनीवर वीतभर जाडीची तुसाची गादी घातली. या गादीलाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वूस्टर येथील कृषिसंशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांनी १९४०च्या दशकात असे दाखवून दिले की, खुराड्यातली गादी वरचेवर बदलण्यापेक्षा ती जाड करीत नेली, रोज हलवली आणि कोरडी राखली, तर कोंबड्यांची प्रकृती अधिक चांगली राहते. गादीतले जीवाणू विष्ठा कुजवून तिची माती करतात. कोंबड्या स्वतःच उकरून हवा खेळवतात. पुढे हीच गादी पद्धत जगभर गेली आणि आपल्याकडच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतही आली. वहिनी त्यात आणखी थोडा विरलेला चुना भुरभुरतात.

गादी कोरडी आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. मूठभर तूस घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ओल फार झाली. सावकाश भुगा होऊन मोकळे झाले तर ठीक. मी रोज सकाळी चहाच्या आधी ही मूठ दाबतो. लढायांचे सन आता मला चुकतात. पण मुठीतले तूस चुकत नाही.

आजीच्या पडवीकडे मी आता मनातल्या मनात पुन्हा जातो आणि एकेक गोष्ट ओळखतो. भिंतीवरची वीतभर फट राहून गेलेली नव्हती, ठेवलेली होती. राख टाकायला जागा नव्हती म्हणून खुराड्यात टाकलेली नव्हती. चुलीची भिंत, पूर्वेचे दार, रात्रीच्या दांड्या, या साऱ्यांमागे रानातल्या त्या फांदीची आठवण होती: डोक्यावर छप्पर, पायांखाली वारा. कोलुमेलाने ते लिहिले, केनार्डने मोजले आणि आजीने रोज सकाळी हातांनी केले. यांपैकी दोघांचीच नावे ग्रंथांत आहेत, म्हणून तिसरीची इथे नोंद केली.

त्यानंतरचे पावसाळे बरे गेले. वाचलेल्या आठांतल्या एका कोंबडीच्या पोटची प्रजा आता दोन्ही घरांत नांदते. दसरा झाला की आम्ही जुनी गादी काढतो आणि ते खत आंब्याच्या कलमांना घालतो. नवे तूस नव्या भाताचेच येते. गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगाचे पाणी तापत असताना, खुराड्यातला तांबडा कोंबडा आरवला आणि वरच्या डोंगरातून राखी रानकोंबड्याने त्याला अडखळत उत्तर दिले. थोड्या वेळाने वहिनी अंडी घ्यायला आल्या. शेवटचे अंडे टोपलीत ठेवून त्यांनी बाजारचे पैसे मोजले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. नातीची परीक्षेची फी भरायची होती.